पयले दिवा जाऊ द्या

त्याच्या बैलांना मराठी कळत नसे. गोरबोलीही नाही, आणि तांडा तर सगळा बंजाऱ्यांचा. ‘पियानो, पियानो’ म्हटलं की ते सावकाश पाय टाकायचे, ‘अवांती’ म्हटलं की मान खाली घालून ओढ घ्यायचे आणि ‘बास्ता’ म्हटलं की चिखलात असोत की चढावर, जागीच उभे. बाभुळगावच्या बाजारातून नवी जोडी आणली की पहिला महिनाभर तो त्यांची शाळा घ्यायचा. बांधावरून कुणी ओरडायचं, “काहून गा बुढ्या, बैलाले इंग्रजी शिकवून राह्यला काय?” म्हातारा गंभीरपणे सांगे, “इंग्रजी नाही. इटाली. माह्या बापाच्या खेचरायची भाषा हाय.”

तांडा त्याला इटालीवाला म्हणे. मी ‘बाबा’ म्हणायची. ओळख मात्र भांडणातून झाली.

मी यवतमाळची. आजोबा कारकून, वडील कारकून. कचेरीच्या आत न जाता तिच्या दारात उभं राहून घोषणा देणारी घरातली मी पहिली. कापसाची ती वाईट वर्षं होती. कापूस घराघरात छतापर्यंत भरलेला आणि बाजारात त्याला कुत्रं विचारत नव्हतं. पण प्रत्येक फाट्यावर सरकारमान्य देशी दारूचं दुकान मात्र वेळेवर उघडत होतं. बियाणं नकली निघेल, दारू कधी नकली निघाली नाही. आमची संघटना म्हणजे मूठभर बाया, एक फटफटी आणि लाल शाईची पत्रकं. पत्रकं मी लिहायची. वाक्य लहान, शत्रू ठळक, शेवटी उद्गारचिन्ह. मला तेवढंच येत होतं आणि तेवढंच पुरेसं आहे असं वाटत होतं.

फाट्यावरचं दुकान बंद करायला बायांचं मतदान व्हायचं होतं, आडव्या बाटलीचं. त्यासाठी तांड्यात सभा घेतली. मी बोलून खाली बसले तोच मागून हा उठला. उंच, वाळलेला, डोक्याला लाल पागोटं, पायात सैनिकी बूट आणि बुटांना नाड्याच नाहीत.

“या दुकानानं अर्धा तांडा उभा गिळला,” तो म्हणाला. “बंद करा. मी पयला अंगठा देतो.”

“अंगठा बायायचा लागते, बुढ्या!” एक बाई ओरडली.

“आन् तुह्या घरची खोली?” दुसरी म्हणाली. “तिच्यात काय देवाचं तीर्थ हाय?”

सगळ्या हसल्या. खोलीत काय आहे ते मी विचारलं. म्हणे, दारू गाळते इटालीवाल्याचं घर, बापापासून, द्राक्षाची लाल दारू. माझं डोकं फिरलं. आमच्याच सभेत उभा राहून दारूबंदीला पाठिंबा! मी म्हटलं, “बाबा, मग आधी तुमची खोली बंद होईल, नंतर दुकान.”

तो शांतपणे म्हणाला, “चल. पाह्य. जेवली काय?”

हा प्रश्न तो सगळ्यांना विचारायचा. त्याच्या घरचा नियम होता: जेवल्याशिवाय थेंब नाही, आणि थेंबही ताटाच्या बाजूला, पितळेच्या एवढ्याशा पेल्यात. एकदा यवतमाळचा एक हॉटेलवाला गाडी घेऊन आला, सगळा माल उचलतो म्हणाला. म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, “तुह्या हॉटेलात मानूस पयले जेवते का पयले पेते?” हॉटेलवाला म्हणाला, “ज्याची त्याची मर्जी.” म्हातारा म्हणाला, “मंग नाही.” त्याच्या घरातली वाइन कधी विकली गेली नाही. होळीला बुधले उघडायचे, लेंगी गीतं म्हणायला आलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना भाकरीबरोबर एकेक पेला मिळायचा आणि वर्ष संपायचं. होळीच्या आधी तिला कुणी बोट लावायचं नाही. “तवरक ते पिकलेलं नसते,” तो म्हणायचा, “आन् कच्चं आमच्या घरात कोनी खात नाही.”

मी चाखली नाही. चळवळीत होते. बेकायदा ते बेकायदा, असं त्याच्या तोंडावर सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

त्या दिवशी त्यानं खोली दाखवली ती मात्र विसरले नाही. घरामागे मातीची, जाड भिंतींची, एका दाराची खोली. दाराशी थांबून त्यानं रॉकेलची चिमणी पेटवली, एका लांब काठीला टांगली आणि जमिनीलगत आत सरकवली. आम्ही दोघं उंबऱ्याबाहेर उभे. ज्योत तेवत राहिली तेव्हा म्हणाला, “आता चल.”

“हे कशाला?”

“रस आंबते तवा हवा सोडते. जड हवा. खाली बसते. तिच्यात मानूस गेला का डोळ्यापुढं अंधारी येते, जरा जास्त टाइम राह्यला त उठत नाही. दिव्याले पयले समजते. राजूरच्या खाणीत उतरनारे जुने लोक बी दिवा पाह्यत. म्हून या घरात पयले दिवा जाते, मंग मानूस.”

आत मेण लावलेले मोठे रांजण होते. वर माळ्यावर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ताट्या, त्यांवर सुकायला पसरलेले द्राक्षांचे काळसर घड. घड सुरकुतले की पाय धुऊन तुडवायचे, रस सालांसकट रांजणात, सालं फुगून वर आली की मुसळानं खाली दाबायची, दिवसातून अनेकदा. नंतर काचेचे बुधले, तोंडाला मेण. हे सगळं त्याच्या बापानं इटलीत शिकून आणलं.

बाप दुसऱ्या मोठ्या लढाईत फौजेत गेला तो बंदूक चालवायला नाही, खेचरं हाकायला. लमाणांनी पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहिलेलं. फौजेला तिकडच्या डोंगरावर तोफगोळे वाहायचे होते. तिथे एका हिवाळ्यात त्यांची तुकडी एका विधवा शेतकरणीच्या गोठ्यात राहिली. लढाई संपली, जहाजाला उशीर. तेवढ्यात तिच्या मळ्यात द्राक्षं उतरवायचे दिवस आले, आणि तिचे दोन्ही मुलगे लढाईत गेलेले. मग बापानं खेचरं जुंपली, घड वाहिले, तुडवले, रांजणापाशी राबला. परत येताना ओल्या गोणपाटात वेलीच्या काड्या गुंडाळून आणल्या.

“बाकीचे घड्याळी घेऊन आले,” म्हातारा सांगायचा. “माह्या बापानं काड्या आनल्या. माय म्हने, एवढ्या दुरून आनलं, आन् जळतन बी इतकंसंच?”

आता त्याच्या वेडाचं मूळ सांगते. त्या बाईनं बापाला सांगितलं होतं की घड तोडायचे ते अमुक दिवसांत, आपल्या दसऱ्याच्या सुमारास. इटलीत ते बरोबर असेल. यवतमाळात त्याचा अर्थ असा की वेल पावसाळ्यात फळणार. भर श्रावणात घड कुजायचे, पानांवर भुरी यायची, पक्षी वेगळे. नाशिककडचे लोक आश्विनात छाटणी करून उन्हाळ्याच्या तोंडाशी माल काढतात, हे त्याला सगळ्यांनी सांगितलं. कृषी खात्याच्या साहेबानं सांगितलं. पोरानं सांगितलं. तो ऐकेना. खताच्या रिकाम्या पोत्यांची छपरं शिवून वेलीवर टाकायचा, पावसात स्वतः भिजत एकेक घड कागदात गुंडाळायचा, आणि एवढं करून अर्धा माल उकिरड्यावर जायचा.

“बाबा, हंगाम बदला ना,” मी म्हटलं.

“वेल तिकडची हाय. तिले आपलं कॅलिंडर कायले शिकवू?”

“पण ती आता इकडे आहे.”

“म्हून काय माहेर विसराव तिनं?”

घड गुंडाळायला तो जे कागद वापरायचा ती माझी पत्रकं होती. हे मला एका पावसाळ्यात वेलीखाली उभी असताना कळलं. माझे शब्द द्राक्षांना बांधलेले, लाल शाई ओघळून घडांवर उतरलेली.

“आम्ही रात्ररात्र जागून लिहितो हे!”

“कागद चांगला हाय,” तो म्हणाला. “पातळ हाय. वारा जाते. आन् वाचतो न मी बांधाच्या पयले. पन तुह्या कागदात बाई, सारे चोर एका बाजूले आन् सारे साव एका बाजूले. असं कोन्त्या तांड्यात असते?”

मी म्हटलं, चोर कोण हे ज्याला सांगता येत नाही त्यानं पत्रक लिहू नये. अजूनही मला तसंच वाटतं.

सुभाष त्याचा एकुलता पोरगा. तिशी ओलांडलेला, कमी बोलणारा, बापाची थट्टा तेवढी करायचा. “बा, तुह्या इटालीत लोक कापूस नाही पेरत?” “नाही.” “मंग तेच शहाने.” जमीन थोडी, त्यातली चांगली पट्टी वेलीखाली. म्हणून सुभाष पाठीवर पंप बांधून दुसऱ्यांच्या वावरात फवारायला जायचा. आमच्याकडे त्या विषाला औषध म्हणतात. दुकानदार औषध म्हणतो, डब्यावर औषध लिहिलेलं असतं, मजूर औषध म्हणून हातानं ढवळतो. हातमोजे नाहीत, तोंडाला फडकं, पायात काही नाही, आणि पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, म्हणजे फवारा पिकावर कमी आणि माणसावर जास्त. आम्ही यावर पत्रक काढलं होतं. त्याचेही घड बांधले गेले असतील.

सुभाष खोलीत एकदा पडलाही होता, लग्नाच्या आधी. मुसळ चालवता चालवता भोवळ आली. बापानं ओढून बाहेर आणलं, निंबाखाली वाऱ्याला तोंड करून निजवलं, तळपाय चोळले, तोंडावर पाणी मारलं. थोड्या वेळानं पोरानं डोळे उघडले, ओकला आणि म्हणाला, “इटाली पाहून आलो बा.” म्हाताऱ्यालाही त्याच्या बापानं असंच एकदा निंबाखाली आणलं होतं. त्या घरात ही रीत होती. भोवळ आली की निंब, वारा, पाणी. आणि ती प्रत्येक वेळी लागू पडली होती.

पुढचं मला सुभाषच्या बायकोनं, कवितानं सांगितलं आणि म्हाताऱ्यानं सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

आश्विनातला दिवस. घड तुडवून झाले होते, रांजण खदखदत होते. सुभाष सकाळपासून शेजारच्या गावी एका मोठ्या शेतकऱ्याच्या वावरात फवारत होता. वारा उलटा होता म्हणे, पण मालकाला त्याच दिवशी संपवायचं होतं. दुपारी घरी आला. जेवायच्या आधी सालं दाबून घेतो म्हणून चिमणी पेटवून आत सरकवली, तेवली, तो आत गेला. म्हातारा अंगणात बैलगाडीचं जू बांधत होता. त्याला मुसळ पडल्याचा आवाज आला. सुभाष भिंत धरत बाहेर आला, घामानं निथळत, तोंडातून लाळ, आणि उंबऱ्यावरच कोसळला.

म्हाताऱ्यानं आधी आत पाहिलं. जमिनीवरची चिमणी विझली होती.

“दिवा विझला होता,” तो मला पुढे कितीदा म्हणाला. “माह्या घरात विझल्या दिव्याचा एकच अर्थ हाय.”

त्यानं पोराला निंबाखाली निजवलं. वाऱ्याला तोंड केलं. पाणी मारलं. तळपाय चोळले.

कविता म्हणाली, “मामाजी, सदऱ्याले औषधाचा वास येऊन राह्यला.”

“या दिवसात कोनाच्या सदऱ्याले येत नाही?”

“लाळ गळून राह्यली पाहा. मागं गळत नव्हती म्हनता न.”

“हवा जास्त लागली. उतरन. तू वारा घाल.”

ती पदरानं वारा घालत बसली. सुभाषचे दंड फुरफुरत होते. म्हातारा दर थोड्या वेळानं म्हणे, उतरन. दिवेलागणीला तो उठला आणि तांड्याच्या नाईकाकडे धावला, ऑटो आण म्हणून. धावताना एक बूट रस्त्यात राहिला.

सरकारी दवाखान्यात ड्युटीवरच्या डॉक्टरनं सुभाषचं तोंड हुंगलं. आंबलेल्या द्राक्षाचा वास. हात जांभळे, पाय जांभळे, कपड्यांवर डाग. “पिऊन आला आहे. झोपू द्या,” म्हणाला, आणि व्हरांड्यात सलाइन लावून निघून गेला. ज्या डॉक्टरला विष आणि वाइन यांत फरक कळत नाही त्याला सरकार पगार देतं, आणि जो मजूर विषाला औषध म्हणतो त्याला अडाणी ठरवतं. पहाटे दुसऱ्या एका डॉक्टरनं म्हाताऱ्यादेखत सुभाषच्या डोळ्यावर टॉर्च मारला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. उजेड जवळ नेला, दूर नेला, त्या हलल्या नाहीत. तेव्हा धावपळ झाली, सुया झाल्या. ऊन चढायच्या आत सुभाष गेला.

मी त्याच सकाळी दुसऱ्या एका फवारणीवाल्याला घेऊन तिथे पोचले होते. व्हरांड्यात चादरीबाहेर आलेले दोन पाय दिसले, घोट्यापर्यंत जांभळे. तसे पाय जिल्ह्यात एकाच घरात होते.

कागदावर आलं: मद्यप्राशनानं. आम्ही पेटलो. मोर्चा नेला, कचेरीच्या दारात बसलो, शेवटी चौकशी लागली. माझ्यासाठी तो एकट्या सुभाषचा प्रश्न नव्हता. त्या आश्विनात गावोगाव माणसं पडत होती आणि कंपनीपासून कचेरीपर्यंत सगळे एकच बोलत होते, की मजूर पिऊन फवारतात. सुभाषचं मरण विषाचं ठरलं असतं तर ते तोंड बंद झालं असतं. नाही ठरलं तर पुढच्या प्रत्येक मेलेल्याच्या तोंडाला दारूचा वास येणार होता.

म्हणून मी म्हाताऱ्याला समजावलं. सांगितलं, रांजण ओतून द्या, खोली शेणानं सारवून घ्या. साहेबांनी विचारलं तर घरात दारू होत नाही एवढंच सांगा. आणि निंबाचं तर नावच काढू नका. कंपनीचा वकील तिथे बसलेला असेल, तो म्हणेल उशीर घरच्यांनी केला.

तो ऐकत होता. म्हणाला, “समजलं.”

चौकशीच्या दिवशी त्यानं सगळं सांगितलं. पागोटं काढून हातात धरलं आणि सुरुवातीपासून सांगितलं. वाइन घरी होते, बापापासून होते. होळीच्या आधी तिला कुणी तोंड लावत नाही, सुभाषनंही लावलं नव्हतं, आणि तो रस तर अजून चार दिवसांचाही नव्हता. दिवा विझलेला पाहिला. मला वाटलं हवा लागली. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मी त्याला निंबाखाली ठेवलं.

“लिहा साहेब,” तो म्हणाला. “ठेवलं मी. पन जहर माह्या घरचं नव्हतं. हे बी लिहा.”

साहेबांनी पहिलं लिहून घेतलं. दुसरं ‘नातेवाइकाचा दावा’ म्हणून लिहिलं. घरी अवैध मद्यनिर्मिती, उपचारास कुटुंबाकडून विलंब. कंपनीच्या वकिलाला तोंडही उघडावं लागलं नाही.

कचेरीच्या पायरीवर मी त्याच्यावर ओरडले. लोक थांबून पाहत होते. “काहून सांगितलं? कोणी विचारलं होतं निंबाचं?”

“कोनी विचारन म्हून सांगतलं नाही.”

“हरलो आपण, बाबा! सुभाषला दारुडा ठरवलं त्यांनी, तुमच्या तोंडानं!”

“माह्या तोंडानं नाही, त्याइच्या कागदानं,” तो म्हणाला. “मले बी समजत होतं ते काय लिहितीन. पन बाई, उद्या दुसऱ्या तांड्यात कोनी वावरातून येऊन पडन. त्याचा बाप म्हनन ऊन लागलं, कोनी म्हनन भूत लागलं, कोनी म्हनन उपास घडला. झाडाखाली ठेवीन. ते कोनाच्या कागदात येईन? तुह्या येईन?”

माझ्या पत्रकात ते येणार नव्हतं. शत्रू कोण ते ठरलेलं असताना मेलेल्याच्या बापाकडे बोट दाखवणारं वाक्य मी छापणार नव्हते. तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, “तुले तुहं काम हाय,” आणि एसटीत बसायला निघून गेला.

ती चौकशी त्या दोन वाक्यांनी बुडाली, हे मी आजही म्हणेन. त्यापुढे फवारणीनं मेलेल्या माणसांच्या घरचेही त्याच कागदापाशी अडले. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

पुढच्याच आठवड्यात दारूबंदी खात्याची जीप तांड्यात आली. मी तिथे होते. अशा धाडी पडाव्यात म्हणून मी घोषणा दिलेल्या. फाट्यावरचं सरकारमान्य दुकान अजून चालूच होतं, जीप त्याच्यावरूनच आली. शिपाई काठ्या घेऊन थेट मागच्या खोलीकडे निघाले. म्हातारा दारात आडवा झाला. मला वाटलं आता हा मार खाणार.

“थांबा साहेब,” तो म्हणाला. “पयले दिवा जाऊ द्या.”

“बाजूला हो, म्हाताऱ्या.”

“फोडा न. कोन अडवते? पन खोली बंद होती इतके दिवस. दिव्याबिगर कोनी आत जाचं नाही.”

एक शिपाई हसला. साहेबानं कपाळाला आठी घातली, पण कोण जाणे का, हातानं थांबा म्हणून खूण केली. म्हाताऱ्यानं चिमणी पेटवली. चिमणी जमिनीलगत आत गेली आणि आम्ही सगळे, काठीवाले शिपाई, जीपचा ड्रायव्हर, तांड्यातल्या बाया, कविता आणि मी, त्या ज्योतीकडे पाहत उभे राहिलो. ती नीट तेवत होती.

“जा आता,” तो म्हणाला.

त्यांनी सगळं फोडलं. सुभाषनं तुडवलेला रस उंबऱ्यावरून अंगणात आला आणि निंबाच्या मुळाशी जाऊन थांबला. कविता आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

त्यानंतर तो खरंच वेडा झाला असं तांड्याला वाटलं. बैलगाडी जुंपायचा आणि गावोगाव फिरायचा. हातपंपावर, पिठाच्या गिरणीपाशी, बाजारात, जिथे माणसं उभी असतील तिथे ‘बास्ता’ म्हणून बैल थांबवायचा आणि सांगायचा, “मी माह्या पोराले झाडाखाली मारलं. तुम्ही नका मारू. फवारनीहून आलेला मानूस पडला, त तुमाले वाटन ते वाटो, पयले गाडी पाहा.” लोक हसायचे, काही जण शिव्या द्यायचे. बाया लेकरांना आत ओढायच्या. कविता म्हणायची, “मेलेल्या मानसाची रोज बाजारात चर्चा करून राह्यले मामाजी. मले तोंड दाखवाले जागा नाही.” ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. ताट ठेवायची आणि सरकायची.

मी पण बरेच महिने तिकडे गेले नाही.

पुढच्या आश्विनात एका मोर्चासाठी बाया गोळा करायला तांड्यात जावं लागलं. पऱ्हाटी पुन्हा डोक्याइतकी झाली होती, पंप पुन्हा पाठींवर होते. इटालीवाल्याच्या घरापाशी आले आणि थबकले. वेल बोडकी होती. पोत्यांची छपरं काढून रचून ठेवलेली. म्हातारा कात्री घेऊन शेवटच्या काड्या छाटत होता. जमिनीवर हिरव्या पानांचा सडा, त्यात तयार झालेले घड, कुजलेले, न कुजलेले, सगळे.

“बाबा, हे काय? घड तोडायचे दिवस ना हे?”

“होते.”

“मग आता?”

“आता फागुनात येतीन. नाशिकसारखे.”

सत्तर पावसाळे त्या घरानं हट्टानं कुजवलेली द्राक्षं. मी बोलून गेले, “आणि इटाली?”

“इटालीत फवारनी नव्हती,” तो म्हणाला. कात्री चालूच होती. “पाह्य, आता या दिवसात खोली रिकामी. रांजन रिकामे. हवा नाही, दिवा नाही. आता इथं कोनी भोवळ येऊन पडला, त ते काय हाय म्हून मले इचार कराचं काम नाही. दुसरं काही असूच शकत नाही.”

“वाइन करणार पुढे?”

“माहीत नाही. हंगाम तेवढा हटवला.”

संध्याकाळ होत आली. कविता वावरातून परत आली. निंदायला गेली होती, फवारलेल्याच पऱ्हाटीत. मजुरी दुसरीकडे नव्हतीच. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली, सासऱ्याकडे पाहिलं नाही. पण घरात गेली नाही. उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली, रोज उभं राहायची सवय असावी तशी.

म्हाताऱ्यानं कात्री ठेवली, हात धोतराला पुसले आणि खुंटीवरची चिमणी काढून पेटवली. तिच्या तोंडासमोर धरली. जवळ नेली. मागे घेतली. पुन्हा जवळ नेली. वाकून, तोंड उघडं ठेवून, तो तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या पाहत होता. ती पापणी न हलवता उभी होती.

“हालते,” तो म्हणाला. “जाय, हात धू.”